गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुसकर : संपत्ती, ऋण आणि वारसा

ठाणे, कल्याण, डोंबिवली या आपल्या परिसरात दिवेलागणीच्या वेळी फेरफटका मारावा, तर कोठल्या ना कोठल्या घरातून पेटीचे सूर आणि मुलामुलींनी घोकलेले अलंकार कानी आल्यावाचून राहत नाहीत. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही परीक्षांची नावे आपल्या ज्ञातीतील घरांत शाळेच्या इयत्तांइतकीच परिचयाची झाली आहेत. या परीक्षा घेणाऱ्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रशस्त वास्तू आपल्याच ठाणे जिल्ह्यात, नवी मुंबईतील वाशी येथे उभी आहे. परंतु ज्या पुरुषाने गांधर्व महाविद्यालय हे नाव प्रथम एका पाटीवर लिहविले, त्याची मुंबईतील स्वतःची वास्तू सावकारांच्या देण्यापायी लिलावात गेली आणि त्यानंतर सुमारे सात वर्षांनी त्याने देह ठेवला, ही गोष्ट त्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांस, किंबहुना त्यांच्या पालकांसही, फारशी ठाऊक नसते. तो पुरुष म्हणजे गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर होत.

थोरांची चरित्रे स्मरणिकेत छापण्याचा प्रघात जुना आहे. अशा चरित्रांत गुणवर्णन पुष्कळ असते. जमाखर्चाची बाजू मात्र बहुधा झाकलेली राहते. पंडितजींच्या चरित्रात ही बाजू झाकून चालणार नाही, असे आम्हांस वाटते. लाखो श्रोत्यांना तृप्त करणाऱ्या आणि आपल्या गळ्याच्या बळावर विपुल द्रव्य मिळविणाऱ्या या कलावंताच्या मागे काय उरले, ते कोणाच्या हाती गेले आणि जे टिकले ते कशामुळे टिकले, हा विचार आज आपल्यापैकी प्रत्येक कुटुंबास आणि प्रत्येक संस्थेस उपयोगी पडणारा आहे.

पलुसकर घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. सांगलीजवळच्या पलूस गावावरून पलुसकर हे उपनाव रूढ झाले. गाडगीळ हे नाव ज्ञातिबांधवांस नव्याने सांगावयास नकोच. पंडितजींचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड संस्थानात झाला. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार. त्यामुळे गाणे घरात होतेच; परंतु मुलाने गवई व्हावे असे कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. बालपणी एका उत्सवात दारूकाम चालले असता डोळ्यांस गंभीर इजा झाली आणि दृष्टी अधू झाली. शालेय शिक्षणाचा मार्ग त्यामुळे बंद झाला. औषधोपचारासाठी मिरजेस आणलेल्या या मुलाला गायन शिकवावे असे ठरले आणि मिरजेच्या अधिपतींच्या आश्रयाने तो पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या चरणी रुजू झाला. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणून रुजविणाऱ्या या गुरूपाशी त्याने कित्येक वर्षे कठोर मेहनत केली.

गवयाची विद्या थोर आणि गवयाची प्रतिष्ठा क्षुल्लक, असा तो काळ होता. मिरजेतील एका समारंभाचे निमंत्रण दरबारच्या आश्रयामुळे तरुण विष्णूला आले. परंतु त्याच्या गुरूला, तो केवळ गवई म्हणून, आले नाही, असा प्रसंग पंडितजींच्या चरित्रात सांगितला जातो. हा सल त्यांच्या मनात खोल रुतला. इ. स. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. राजाश्रयाची ऊब त्यागून ते सातारा, बडोदे, ग्वाल्हेर असे करीत उत्तरेकडे निघाले. सौराष्ट्रात त्यांनी तिकिटे लावून सर्वसामान्यांसाठी जलसा केला. आज आपणांस यात काही विशेष वाटणार नाही. परंतु ज्या काळी गाणे हे दरबारात वा धनिकाच्या दिवाणखान्यातच व्हावयाचे, त्या काळी चार आणे देऊन कोणाही गृहस्थाने गवयासमोर मानाने बसावे, ही कल्पनाच नवी होती.

या एका पावलाने गवयाच्या आयुष्याचे अर्थकारण पालटले. पूर्वीचा गवई संस्थानिकाच्या पदरी असे. त्याला वेतन मिळे, शालजोडी मिळे, प्रसंगी कडे मिळे. परंतु त्याची स्वतःची अशी मोठी मिळकत क्वचितच होई आणि मोठे कर्जही क्वचितच होई. स्वतंत्र झालेल्या गवयाच्या हाती मात्र तिकिटांचे उत्पन्न येऊ लागले. जो मिळवता झाला त्याची बाजारात पत निर्माण झाली, आणि ज्याची पत निर्माण झाली त्याला कर्ज मिळू लागले. पंडितजींच्या उत्कर्षाचे आणि त्यांच्या संकटाचे मूळ एकाच ठिकाणी आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. एखाद्या राजाने काढलेली ही शाळा नव्हती. लोकांच्या देणग्या, विद्यार्थ्यांचे शुल्क आणि स्वतः पंडितजींच्या जलशांचे उत्पन्न यांवर ती उभी होती. आरंभी शिष्य मिळेनात, तेव्हाही ठरल्या वेळी तंबोरा घेऊन ते विद्यालयात एकटेच बसत, असे सांगतात. पुढे विद्यार्थी येऊ लागले, प्रतिष्ठित कुटुंबांतील स्त्रियाही शिकू लागल्या. नेमलेला अभ्यासक्रम, परीक्षा, स्वरलेखनाची पद्धती, छापील पुस्तके हे सारे त्यांनी सिद्ध केले. पुस्तकांसाठी स्वतःचा छापखाना काढला. परगावी जाऊन विद्यालये चालवू शकतील असे शिक्षक तयार व्हावेत म्हणून त्यांनी उपदेशकांचा वर्ग काढला. या वर्गातील मुले नऊ वर्षे गुरुगृही राहण्याचा करार करीत आणि त्यांच्या अन्नवस्त्राचा भार पंडितजी वाहत. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, शंकरराव व्यास, बा. र. देवधर, नारायण मोरेश्वर खरे ही नामावली वाचली म्हणजे तो भार किती सार्थकी लागला हे कळते.

इ. स. १९०८ मध्ये पंडितजी मुंबईस आले आणि तेथे गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. मुंबईने त्यांचे अपूर्व स्वागत केले. विद्यार्थ्यांची संख्या वाढली, भाड्याची जागा अपुरी पडू लागली. वर्ग, वसतिगृह, सभागृह, छापखाना हे सारे एका छपराखाली आणावे, असा विचार पक्का झाला. सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची स्वतःची इमारत उभी राहिली. १९१५ च्या सुमाराचे हे दिवस म्हणजे त्यांच्या वैभवाचे शिखर होय. अधू दृष्टीचा, आश्रिताचे जिणे नाकारून बाहेर पडलेला कुरुंदवाडचा एक कीर्तनकाराचा मुलगा मुंबईसारख्या नगरीत स्वतःच्या विद्यालयाच्या वास्तूत उभा होता.

परंतु ती वास्तू कर्जावर उभी होती. येथे थोडे थांबून हिशोब पाहिला पाहिजे. कर्जाचे व्याज दरमहा ठरल्याप्रमाणे चढते. त्याला ऋतू नाही, आजारपण नाही, तीर्थयात्रा नाही. या व्याजाची भरपाई मात्र व्हावयाची होती ती प्रामुख्याने जलशांच्या उत्पन्नातून, म्हणजे एका माणसाच्या गळ्यातून आणि त्याच्या अखंड प्रवासातून. विद्यालयाचे शुल्क आणि पुस्तकांची विक्री हातभार लावीत. पण दुसऱ्या पारड्यात शिक्षकांची वेतने होती, छापखाना होता आणि नऊ नऊ वर्षे जेवूखाऊ घालावयाची मुले होती. त्या मुलांकडून पैसा घ्यावयाचा नाही, हे तर व्रतच होते. अशा व्यवस्थेत कर्त्या पुरुषाचा दौरा एक वर्ष चुकला की सारा डोलारा हलू लागतो. पंडितजींनी पैसा उधळला, चैन केली, असे त्यांचा कठोर टीकाकारही म्हणणार नाही. त्यांनी मिळविलेला रुपया विद्यालयात गेला. दोष एवढाच, की विद्यालयाची थैली आणि स्वतःची थैली त्यांनी निराळी मानली नाही. संस्थेचे ऋण ते आपले ऋण मानत राहिले आणि धनकोंच्या दृष्टीनेही पंडितजी म्हणजेच विद्यालय होते.

याच सुमारास त्यांच्या मनाची ओढ दुसऱ्या दिशेस लागली होती. राष्ट्रसभेच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात. १९२३ च्या डिसेंबरात काकीनाडा येथील अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गायनास हरकत घेतली असता पंडितजींनी ती जुमानली नाही आणि गीत पूर्ण केले, हा प्रसंग इतिहासात नमूद आहे. रामनामाचा छंदही वाढत चालला होता. नाशिकला त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापिला. रघुपति राघव ही धून देशभर गाजली ती त्यांच्याच चालीने. नारायणराव खरे यांना त्यांनी महात्माजींच्या आश्रमास दिले आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते महात्माजींसोबत चालले. मुंबईहून नाशिकला जावे वा पुण्यामार्गे मिरजेस जावे, दोन्ही लोहमार्ग आपल्या कल्याणापाशी विलग होतात. पंडितजींचे उत्तरायुष्य या दोन मार्गांवर, रामाच्या आणि गुरूच्या गावांच्या दरम्यान गेले. द्रव्य मिळवून देणारे दौरे मागे पडत गेले. व्याज मात्र मागे पडले नाही.

१९२४ च्या सुमारास धनकोंनी आपली वसुली केली आणि सँडहर्स्ट रोडवरील वास्तूचा लिलाव झाला. सोळा वर्षांपूर्वी ज्या नगरीने त्यांस डोक्यावर घेतले, तीत ही वास्तू सोडवून घेणारा एकही धनिक पुढे आला नाही, याचा खेद आम्हांस आजही वाटतो. पंडितजींनी कोणास दोष दिला नाही. ते नाशिकच्या आश्रमात रामनामात रमले. वरवर पाहता हे वैराग्य फार शोभून दिसते. परंतु घर चालविणाऱ्या गृहिणीच्या दृष्टीने त्याचा विचार कोणी करीत नाही. त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी बारा अपत्यांना जन्म दिला आणि त्यांतील अकरा बालपणीच गमावली. उरलेला एकुलता एक मुलगा दत्तात्रेय १९२१ साली जन्मलेला. वास्तू गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी, ज्या मिरजेत गाणे शिकले त्याच मिरजेत, पंडितजींनी देह ठेवला. त्यांचे वय एकोणसाठ वर्षांचे होते आणि मुलगा दहा वर्षांचा होता. मुंबईत उभारलेल्या वास्तूचा एक दगडही त्याच्या वाट्यास येण्याजोगा राहिला नव्हता. ज्याने शेकडो मुलांस जेवू घातले, त्याच्या मुलाच्या शिक्षणाची तरतूद इतरांस करावी लागली.

त्या काळचा हिंदुधर्मशास्त्राचा दंडक असा, की पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य होय. आपल्या मुंबई इलाख्यात १८६६ च्या कायद्याने वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मिळकतीपुरती मर्यादित केली होती, एवढाच काय तो दिलासा. पित्याच्या कर्जासाठी पुत्रास धर्मकर्तव्याच्या नावाने जबाबदार धरण्याचा हा जुना नियम पुढील कर्जांपुरता २००५ च्या दुरुस्तीने संपुष्टात आला. परंतु कायदा काहीही असो, पुत्राच्या मनावरील ऋण निराळेच असते. दत्तात्रेयाने ते फार सुंदर रीतीने फेडले. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास इत्यादी पित्याच्या शिष्यांनी त्याला शिकविले. चौदाव्या वर्षी जालंदरच्या हरिवल्लभ संगीतसंमेलनात तो गायला. पं. द. वि. पलुसकर हे नाव पुढे सर्वतोमुखी झाले, १९५२ च्या बैजू बावरा या चित्रपटात उस्ताद अमीर खाँ यांच्या समवेत ते गायले आणि २६ ऑक्टोबर १९५५ रोजी, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, काळाने त्यांना ओढून नेले. पित्याकडून त्यांना मिळकत मिळाली नव्हती. पित्याने ज्यांना विद्या दिली त्यांच्याकडून ती व्याजासह परत मिळाली होती.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. विद्यालय कशाने वाचले? शिष्यांच्या गुरुभक्तीने, असे उत्तर सहज दिले जाते. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. भक्तीपुरतेच ते शिष्य थांबले असते, तर गुरूची पुण्यतिथी तेवढी साजरी झाली असती. त्यांनी याहून अधिक काही केले. पंडितजींच्या निधनानंतर चार महिन्यांतच, डिसेंबर १९३१ मध्ये, अहमदाबाद येथे जमून त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. गुरूची गादी कोणा एकाने बळकावली नाही, तिची वाटणीही केली नाही. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, नाव एक. आणि विद्यालये मात्र जो तो आपापल्या गावी, आपापल्या हिमतीवर चालवील, अशी ही रचना झाली. देवधरांनी मुंबईतच १९२५ मध्ये संगीतविद्यालय काढले होते. विनायकरावांनी १९३२ मध्ये पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले. दिल्लीस १९३९ मध्ये विनयचंद्र मौद्गल्य यांनी काढले. एका ठिकाणी संकट आले तर दुसऱ्या ठिकाणी त्याची झळ लागू नये, अशीच ही योजना म्हणावी लागेल. १९४७ च्या फाळणीने लाहोर परके झाले. तरीही गांधर्व महाविद्यालय हे नाव पुसले गेले नाही.

त्याच काळातील दुसरे उदाहरण पाहावे. पुण्याचा भारत गायन समाज १९११ मध्ये भास्करबुवा बखले यांनी स्थापिला. बुवा ८ एप्रिल १९२२ रोजी, वयाची त्रेपन्न वर्षे पुरी होण्यापूर्वीच गेले. समाज मात्र राहिला आणि शतक ओलांडून आजही तेथे गाणे शिकविले जाते. उलटपक्षी, त्याच पिढीतील वैभवशाली संगीत नाटक मंडळ्यांची स्थिती आठवावी. नटश्रेष्ठ बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीने १९१३ पासून महाराष्ट्रास वेड लावले, भरजरी शालू आणि अत्तरे यांवर पैसा पाण्यासारखा खर्चिला आणि कर्जाच्या फेऱ्यातून ती काही सुटली नाही. कीर्ती मालकाची, मिळकत मालकाची, कर्जही मालकाचे. मालक थकला की मंडळी थकली. यात कोणाची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. एका पुरुषाच्या खांद्यावर उभे राहिलेले कार्य त्या खांद्याइतकेच टिकते, एवढेच दाखवावयाचे आहे.

हा विचार आम्ही येथे मुद्दाम मांडतो, कारण आपल्या परिसरातील कित्येक ज्ञातिभगिनी आणि ज्ञातिबंधू संगीताचे वर्ग चालवितात. कोणाचा वर्ग घराच्या पुढच्या खोलीत चालतो, कोणी त्यासाठी बँकेचे कर्ज काढून गाळा घेतला आहे. वाद्ये, पुस्तके, ध्वनिमुद्रणे, विद्यार्थ्यांचे आगाऊ घेतलेले शुल्क हे सारे एकाच नावावर असते. उद्या त्या व्यक्तीचे बरेवाईट झाले आणि मृत्युपत्र केलेले नसले, तर १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ती मिळकत वारसांत विभागली जाईल. पुरुषाच्या बाबतीत त्याची पत्नी, आई, मुलगे आणि मुली यांस सारखे हिस्से मिळतील. त्यात ज्या शिष्येने वीस वर्षे तंबोरा सांभाळला तिला काडीचाही हक्क नसेल आणि वर्ग चालू राहावा अशी गुरूची कितीही इच्छा असली तरी ती कागदावर नसल्यामुळे कोणावर बंधनकारक ठरणार नाही. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून मृत्युपत्र करावे, त्यास मुद्रांकही लागत नाही. कार्य मोठे असेल तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली वा सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली त्याची नोंदणी करावी आणि संस्थेचे कर्ज व घराचे कर्ज यांच्या वह्या पहिल्या दिवसापासून निराळ्या ठेवाव्यात. मरणाची भाषा अभद्र म्हणून आपण या गोष्टी पुढे ढकलतो. पंडितजींसारख्या द्रष्ट्या पुरुषाकडूनही हे राहून गेले, तेथे आपली काय कथा!

यावरून कोणी असे समजू नये, की पंडितजींनी इमारत बांधली ती चूक केली. त्यांनी कर्ज काढले नसते तर ते सुखाने जगले असते. पण मग ती नऊ वर्षे जेवणारी मुले कोठे राहिली असती? दरबारचा गवई राहून त्यांना निर्धास्त म्हातारपण मिळाले असते. पण आज डोंबिवलीतील एखाद्या कारकुनाची मुलगी ताठ मानेने विशारदच्या परीक्षेस बसते, ती बसली नसती. गवयाला समाजात मान मिळवून देण्याची किंमत कोणीतरी मोजावयाची होती. ती त्यांनी आपल्या वास्तूने मोजली आणि त्यांच्या पत्नीने व मुलाने मुकाट्याने तीत आपला वाटा भरला. हा वाटा चरित्रकार सहसा लिहीत नाहीत, म्हणून आम्ही तो येथे लिहून ठेवीत आहोत.

१९७३ साली भारत सरकारने पंडितजींच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. सन्मान योग्यच झाला. परंतु त्यांचे खरे स्मारक, परीक्षेच्या दिवसांत आपल्या गावोगावच्या केंद्रांवर तंबोरे जुळवीत बसलेल्या मुलांच्या रांगांत दिसते. त्या मुलांच्या हाती जे प्रमाणपत्र पडते त्यावरील नाव एके काळी मुंबईत लिलावाच्या हातोड्याखाली गेलेल्या इमारतीवर होते, हे त्यांना सांगावे. इमारत गेली तरी नाव का गेले नाही, हेही सांगावे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर आणि मातोश्री रमाबाई या उभयतांच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही हे अल्पचरित्र पुरे करतो.